९६ मीटरची रेघ: मोठ्या अँटेना अ‍ॅरेच्या निअर-फील्डवरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाचा आराखडा आज विभागप्रमुखांकडे दिला. शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी, एक रेल, एक अँटेना आणि तळमजल्यावरचा लांब पॅसेज, एवढ्या भांडवलावर मोठ्या अ‍ॅरेचं निअर-फील्ड मोजायचं आहे. अ‍ॅरे म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अनेक अँटेनांची रांग; निअर-फील्ड म्हणजे तिच्या जवळचा प्रदेश, जिथे लहर सपाट न धरता वक्र धरावी लागते.

वारंवारता १० गिगाहर्ट्झ ठेवली. ६जीसाठी ७ ते २४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १९ मध्ये या पट्ट्याच्या चॅनल मॉडेलचा (सिग्नल वाटेत कसा बदलतो त्याच्या गणिताचा) अभ्यास हाती घेतला आणि त्यात निअर-फील्ड हा स्वतंत्र मुद्दा आहे. शिवाय प्रयोगशाळेत एक्स-बँडचं सामान आहेच: वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची नळी), हॉर्न (कर्ण्यासारखा अँटेना), अडॅप्टर. तरंगलांबी ३ सेंटिमीटर, त्यामुळे निम्मा हिशेब तोंडी होतो.

८१ अँटेनांचा खरा अ‍ॅरे बांधायला आपल्याकडे पैसे नाहीत आणि त्याची गरजही नाही. उघड्या तोंडाचा एकच वेव्हगाइड रेलवर दीड-दीड सेंटिमीटरने सरकवायचा आणि प्रत्येक जागी नेटवर्क अ‍ॅनालायझरने समोरच्या हॉर्नपर्यंतच्या सिग्नलची ताकद आणि फेज (लहर आपल्या आवर्तनात कुठे आहे ते, अंशांत) यांचं रीडिंग घ्यायचं. पॅसेजमध्ये काही हललं नाही तर ही ८१ रीडिंगं १.२ मीटर लांबीच्या अ‍ॅरेसारखीच वापरता येतात. बीम, म्हणजे हव्या जागी एकवटलेला सिग्नल, नंतर संगणकावर हवा तसा घडवायचा, एकाच मोजमापावर हवे तेवढे बीम. शेजारच्या अँटेनांचा एकमेकींवर होणारा परिणाम यात येत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहायचं.

हे काम मनापासून करावंसं वाटतं त्याला कारण आहे. मुलं निअर-फील्डबद्दल ठाम मतं घेऊन येतात, ती बहुतेक व्हिडिओंतून आणि सादरीकरणांतून उचललेली असतात. त्यातली बरीच अर्धी खरी असतात, आणि अर्धं खरं असलेलं मत नुसतं समजावून हलत नाही. प्रत्येक मतासमोर एक रीडिंग ठेवता आलं तर ते हलेल.

९ जानेवारी

आज फळ्यावर २ गुणिले लांबीचा वर्ग भागिले तरंगलांबी हे सूत्र आलं. १.२ मीटरच्या अ‍ॅरेला उत्तर ९६ मीटर. गटातल्या एकाने लगेच रेघ मारली: रेघेच्या आत निअर-फील्ड, बाहेर फार-फील्ड. "मॅडम, आपला पॅसेज तर जेमतेम ३० मीटर. म्हणजे सगळं मोजमाप निअर-फील्डमध्येच, म्हणजे सगळीकडे फोकस होणार ना?"

उत्तर देण्याऐवजी हे ९६ कुठून आले ते त्यांच्याकडून काढून घेतलं. समोरच्या बिंदूपासून अ‍ॅरेच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि टोकापर्यंतचं अंतर यात थोडा फरक असतो. बिंदू जितका दूर तितका हा फरक कमी. तो तरंगलांबीच्या सोळाव्या भागाएवढा होतो ते अंतर म्हणजे हे सूत्र. फेजमध्ये तो २२.५ अंश. सोळावा भागच का? अँटेनाची मोजमापं करणाऱ्यांना तेवढी चूक चालण्यासारखी वाटली म्हणून. फ्रीसने १९४६ साली आपलं प्रसिद्ध प्रसारण-सूत्र मांडलं तेव्हाही, अंतर किमान इतकं असावं म्हणून हीच अट घातली होती.

म्हणजे ९६ मीटरवर निसर्गात काही घडत नाही. किती चूक चालेल याची मर्यादा कुणीतरी ठरवली, तिथे ही रेघ आली. कामाची मर्यादा वेगळी असेल तर रेघ वेगळ्या जागी येते. पुढचे सगळे प्रयोग याच प्रश्नाभोवती ठेवायचे: कुठल्या कामासाठी, किती नुकसान चालवून?

१६ जानेवारी

आज ठरल्यापेक्षा जास्त वेळ एकाच मुद्द्यावर गेला, आणि गेला ते बरं झालं.

विद्यार्थिनीने पाठ्यपुस्तकातली आकृती आणली होती. तीन प्रदेश: अँटेनाच्या अगदी जवळ रिअ‍ॅक्टिव्ह निअर-फील्ड, मग रेडिएटिव्ह निअर-फील्ड, मग फार-फील्ड. पहिल्या दोघांमधली सीमा: लांबीचा घन भागिले तरंगलांबी, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.६२. आपले आकडे घातले की ४.७ मीटर येतात. तिचा प्रश्न सरळ होता: आपण ३ मीटरवर हॉर्न ठेवणार आहोत, म्हणजे तो रिअ‍ॅक्टिव्ह प्रदेशात. तिथे लहरी मोकळ्या झालेल्याच नसतात, ऊर्जा अँटेनाकडे परत जाते, मग हे संदेशवहन मेट्रोच्या कार्डासारखं होईल का?

प्रश्न उत्तम आहे, कारण पुस्तक अक्षरशः वाचलं तर हेच निघतं.

कार्डाचं आधी. मेट्रोचं कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. तरंगलांबी सुमारे २२ मीटर. कार्ड आणि यंत्र यांच्यात काही सेंटिमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या मानाने काहीच नाही. दोन वेटोळी ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांप्रमाणे चुंबकीय क्षेत्राने जोडलेली असतात. साठवलेल्या ऊर्जेचा हा पसारा छोट्या अँटेनाभोवती साधारण तरंगलांबी भागिले २π इतक्या अंतरापर्यंत जोर धरून असतो. १० गिगाहर्ट्झला ते अंतर ५ मिलिमीटरहूनही कमी आहे.

आता अ‍ॅरे. तो छोट्या छोट्या अँटेनांचा बनलेला आहे आणि प्रत्येकीचं रिअ‍ॅक्टिव्ह क्षेत्र तिच्या तोंडाशीच, काही मिलिमीटरांत, फार तर तरंगलांबीच्या आसपास संपतं. शेजारी आणखी ८० उभ्या केल्या म्हणून ते ४.७ मीटरपर्यंत पसरत नाही. मग ४.७ मीटर कशाचं अंतर आहे? फेजचं सूत्र लिहिताना आपण वर्गाचं पद ठेवतो आणि त्यापुढची सोडतो. ती सोडणं कुठपर्यंत चालेल, त्याचं हे अंतर. ते गणिताच्या सोयीचं आहे. त्याच्या आत वक्रता जास्त नेमकी, थेट अंतर काढून, मोजावी लागते, एवढाच अर्थ.

पटलं का विचारलं तर ती म्हणाली, "पटलं, पण मोजून बघू या." तसंच ठरलं. ३ मीटरवर हॉर्न ठेवायचा आणि तो मागेपुढे केला की अ‍ॅनालायझरवर पाठवणाऱ्या बाजूचं परावर्तन बदलतं का ते पाहायचं. रिअ‍ॅक्टिव्ह जोड असती तर ते ठळक बदललं असतं.

(२१ जानेवारीची भर: परावर्तन जागचं हललं नाही. हॉर्न वेव्हगाइडच्या तोंडाला जवळजवळ टेकवला तेव्हा मात्र आलेख चांगलाच वाकला.)

२४ जानेवारी

रेल सरळ आहे का, याची तपासणी. नायलॉनचा दोरा ताणून बांधला आणि जागोजागी फट मोजली.

हे किचकट काम का करायचं ते मुलांना आधी आकड्यांत दाखवलं. ९६ मीटरवरच्या बिंदूसाठी टोकाच्या अँटेनाला १.९ मिलिमीटर जास्त अंतर पडतं, २४ मीटरवर ७.५ मिलिमीटर, ६ मीटरवर पूर्ण ३ सेंटिमीटर. रेलच मध्यात २ मिलिमीटरने पुढे आली असेल तर खूप दूरच्या हॉर्नची लहरही आपल्याला उगाच, हॉर्न ९० मीटरवर असल्यासारखी, वक्र दिसेल. १० गिगाहर्ट्झला १ मिलिमीटर म्हणजे १२ अंश. अर्ध्या मिलिमीटरच्या आत रेल आणायचीच.

वर्कशॉपच्या मामांनी तीन ठिकाणी पातळ पत्र्याच्या पॅकिंग घालून ती आणली. त्यांच्या हाताला जी सफाई आहे ती आमच्या कुणाच्याही हाताला नाही.

३ फेब्रुवारी

पहिलं पूर्ण मोजमाप, हॉर्न ६ मीटरवर, अ‍ॅरेच्या बरोबर समोर. वर्ग सुटल्यावर पॅसेज रिकामा करून घेतला. अ‍ॅनालायझर ९ ते ११ गिगाहर्ट्झ, ५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी. २ गिगाहर्ट्झची रुंदी असल्यामुळे १५ सेंटिमीटर फरकाच्या वाटा वेगळ्या करता येतात. लांबून आलेली परावर्तनं वेळेवरून छाटली. जमिनीवरून उसळून येणारी वाट थेट वाटेच्या फार जवळ होती, म्हणून दोन्ही अँटेना उंच केल्या. लांब केबल स्थिर बाजूला जमिनीवर, आखूड आणि वाकली तरी फेज टिकवणारी केबल हलत्या बाजूला. ठरावीक वेळाने वेव्हगाइड मध्यावर परत आणून रीडिंग पडताळायचं, म्हणजे तापमानाने फेज किती सरकली ते कळतं.

आलेख पडद्यावर आला तेव्हा सगळे गप्प झाले. फेजचा सुरेख पॅराबोला, मध्यापासून टोकापर्यंत जवळपास पूर्ण ३६० अंश. ३ सेंटिमीटर म्हणजे बरोबर एक तरंगलांबी, म्हणून हेच यायला हवं होतं. आणि त्याच्याच खाली ताकदीचा आलेख: सपाट. बारीक थरथर आहे, ती भिंतींची. गणिताने टोकाचं अंतर ६ मीटरच्या जागी ६.०३ मीटर, म्हणजे ताकदीत ०.०४ डेसिबलचा फरक.

निअर-फील्ड म्हटलं की "जवळच्या अँटेनांना जास्त सिग्नल, लांबच्यांना कमी" असं चित्र मनात येतं. ते चित्र अ‍ॅरेच्या लांबीच्या दुपटीहून जवळ गेल्यावर हळूहळू खरं व्हायला लागतं, आमच्या बाबतीत २.४ मीटरच्या आत. त्याच्या पलीकडच्या सगळ्या प्रदेशात, आणि उपयोगाचं निअर-फील्ड बहुतेक तिथेच आहे, ताकद सगळ्यांना सारखी पोचते. वाकते ती फक्त फेज. आलेखांची ही जोडी अहवालाच्या पहिल्या पानावर जाईल.

११ फेब्रुवारी

आता ती रेघ. प्रत्येक अंतरावर दोनदा बीम घडवला. एकदा वक्रता धरून, एकदा सपाट लहर गृहीत धरून, म्हणजे नेहमीच्या फार-फील्ड पद्धतीने. दोन्हींतला फरक म्हणजे वक्रतेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत.

गणित असं सांगतं: ९६ मीटरवर, त्या पवित्र रेघेवर, नुकसान ०.०६ डेसिबल. कुठल्याही फोनला ते कळणार नाही. ४८ मीटरवर पाव डेसिबलच्या आत. २४ मीटरवर सुमारे १ डेसिबल. १३.७ मीटरवर ३ डेसिबल, म्हणजे अर्धी ताकद. ६ मीटरवर १०.५ डेसिबल.

पॅसेजमध्ये २४, १३.७ आणि ६ मीटर मोजता आले. तिन्ही ठिकाणी वक्ररेषा गणिताच्या वाटेनेच गेली.

सरळ रेषेतल्या अ‍ॅरेसाठी अर्ध्या ताकदीची जागा सूत्रातल्या अंतराच्या सातव्या भागावर येते. चौकोनी पॅनेल असेल आणि लांबी म्हणून कर्ण घेतला तर दहाव्या भागावर. माझ्या मते संदेशवहनाच्या चर्चेत बोलायचंच असेल तर या अंतराबद्दल बोलावं. ९६ मीटर हा आकडा अँटेनाचा पॅटर्न काटेकोर मोजणाऱ्यांचा आहे, त्यांना बीमच्या शेजारचे खळगेही नीट दिसायला हवे असतात. आपल्याला सिग्नल पोचवायचा आहे. "वापरकर्ते निअर-फील्डमध्ये असतील" असं वाक्य अ‍ॅरेची लांबी आणि हा सातवा-दहावा भाग न सांगता लिहिलेलं दिसलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण ते वाचून मुलं वर्षभराची दिशा ठरवतात.

१९ फेब्रुवारी

आज फोकसचा आकार काढला. मुलांच्या डोक्यात भिंगाने कागद जाळतात तसा ठिपका होता.

हॉर्न पॅसेजच्या मध्यरेषेवर जागोजागी ठेवून घेतलेली रीडिंगं होतीच. ६ मीटरवर फोकस केलेला बीम त्या सगळ्यांवर लावला. आडवी रुंदी सुमारे १३ सेंटिमीटर. आणि खोली? अर्ध्या ताकदीच्या हिशेबाने ४.२ मीटरपासून १०.७ मीटरपर्यंत, म्हणजे साडेसहा मीटर. हरभऱ्याचा दाणा अपेक्षित होता, मिळाली शेवग्याची शेंग.

मग फोकसचं अंतर बदलत गेलो. ३ मीटरवर शेंग आखूड होते, अडीच मीटर ते ३.८ मीटर. १२ मीटरवर फोकस केला तर तिचं जवळचं टोक ६.४ मीटरवर आणि लांबचं ९७ मीटरच्या आसपास. १५ मीटरवर फोकस करायला गेलं तर लांबचं टोक उरतच नाही. बीम पुढे जातच राहतो, नेहमीच्या बीमसारखा. १३.७ मीटरच्या पलीकडे या अ‍ॅरेला "अमुक अंतरावर फोकस" करताच येत नाही, आणि तरीही ते सगळं ९६ मीटरच्या रेघेच्या आतच आहे. ९ जानेवारीच्या प्रश्नाचं उत्तर हे.

सगळ्या हिशेबाचं मूळ अंतरात नसून एक भागिले अंतर यात आहे. १ भागिले अंतर या मापावर शेंगेची दोन्ही टोकं फोकसपासून सारख्याच लांब असतात, फोकस कुठेही असो. हे लक्षात आल्यावर एका विद्यार्थ्याने सगळे आलेख त्या मापावर पुन्हा काढले आणि सगळे एकमेकांवर तंतोतंत बसले. त्याने हे स्वतःहून केलं.

१ मार्च

काल राष्ट्रीय विज्ञान दिन. गटातली दोघं खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहून आली. दरवर्षी या सुमारास दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते. एक जण जुन्नरकडचाच आहे, लहानपणापासून त्या डिश लांबून पाहत आलेला.

आल्या आल्या त्याने हिशेब पुढे ठेवला. ४५ मीटर व्यासाची एक डिश, हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या रेषेवर: तिचं एकटीचंच फार-फील्ड १९ किलोमीटरवर सुरू होतं. मध्यभागातल्या १४ डिश साधारण एक किलोमीटरच्या चौकात आहेत. तो चौक एक अ‍ॅरे धरला तर ९,५०० किलोमीटर, म्हणजे ५०० किलोमीटर उंचीवरून जाणारे उपग्रह त्याच्या निअर-फील्डमध्ये. आणि उरलेल्या डिश ज्यांवर पसरल्या आहेत त्या तिन्ही भुजा धरून २५ किलोमीटर घेतले तर जवळपास ६० लाख किलोमीटर. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. सातवा भाग घेतला तरी साडेआठ लाख, म्हणजे चंद्र त्याच्याही आत.

ही आकडेमोड अहवालात घ्यायचीच. "निअर-फील्ड म्हणजे टेराहर्ट्झची, भविष्यातली गोष्ट" हा समज यापेक्षा चांगल्या रीतीने मोडता येणार नाही. नारायणगावच्या शेजारी मीटर आणि डेसिमीटरच्या लहरी ऐकणाऱ्या ३० डिश गेली कित्येक वर्षं उभ्या आहेत. निअर-फील्ड किती मोठं हे अ‍ॅरेचा पसारा तरंगलांबीच्या मानाने किती, यावर ठरतं.

७ मार्च

या प्रकल्पातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आज हाती आली.

दोन वापरकर्ते एकाच रेषेत, एक ६ मीटरवर आणि दुसरा त्याच्या बरोबर मागे २४ मीटरवर. नेहमीच्या बीमला दोघांची दिशा एकच, म्हणून दोघांना एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर वेगवेगळं बोलता येत नाही. वक्रता धरली तर ६ मीटरवर फोकस केलेला बीम २४ मीटरच्या वापरकर्त्याला सुमारे ९ डेसिबल कमी मिळतो. उरलेला अडथळा संगणकाने पूर्ण शून्यावर आणता येतो आणि त्यासाठी स्वतःच्या सिग्नलमधून जेमतेम अर्धा डेसिबल द्यावा लागतो. आमच्या रीडिंगांवर शून्य अगदी शून्य झालं नाही, केबलच्या फेजची थोडी सरक त्यात आहे. पण दोघं वेगळे झाले, हे निःसंशय.

इथेच आणखी एक गैरसमज सुटतो. मागचा वापरकर्ता २४ मीटरवर आहे, जिथे आपण फोकस करू शकत नाही. मुलांना वाटलं होतं की दोघंही फोकसच्या टप्प्यात असले तरच वेगळे करता येतील. तसं नाही. एक जवळ असला की पुरतं. १ भागिले ६ आणि १ भागिले २४ यांतला फरक पुरेसा आहे, एवढंच लागतं. दुसरा अगदी अनंत अंतरावर असता तरी चाललं असतं.

१८ मार्च

धुळवडीच्या सुट्टीनंतर आज पुन्हा बसलो. विषय: "वारंवारता वाढली की निअर-फील्ड वाढतं."

अ‍ॅरेची लांबी तीच ठेवली तर वाढतं. १.२ मीटरच्या रेलवर ३० गिगाहर्ट्झला ९६ चे २८८ मीटर होतात, पण अर्ध्या तरंगलांबीने भरायला २४१ अँटेना लागतात. अँटेनांची संख्याच ८१ ठेवली तर अ‍ॅरे आक्रसून ४० सेंटिमीटरचा होतो आणि अंतर ३२ मीटरवर येतं. म्हणजे कमी होतं. दोन्ही विधानं खरी आहेत. काय स्थिर ठेवलं ते न सांगता बोललं की भांडण होतं. माझा अनुभव असा की उत्पादन करणारे अँटेनांची आणि त्यामागच्या इलेक्ट्रॉनिक्सची संख्या मोजतात, संशोधक लांबी मोजतात.

गच्चीवरून समोरच्या इमारतीवरचं ५जीचं पॅनेल दिसतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी आलं, त्याचा मोठा भार साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर आहे. असं पॅनेल अंदाजे ८० बाय ४० सेंटिमीटरचं धरलं तर कर्ण ९० सेंटिमीटर, सूत्राचं अंतर १९ मीटर, दहावा भाग २ मीटरहून कमी. आजच्या ५जीत फोकस करण्याजोग्या अंतरात टॉवरवर चढलेला कामगार सोडला तर कुणी येत नाही.

२६ मार्च

"जुनी पद्धत निअर-फील्डमध्ये कोलमडते." हे कुठल्या जुन्या पद्धतीबद्दल आहे ते विचारायला हवं.

ठरावीक दिशांचे बीम एकेक करून फिरवायचे आणि ज्यात सिग्नल सर्वाधिक तो घ्यायचा, ही एक पद्धत. आमच्या ६ मीटरच्या रीडिंगांवर हे करून पाहिलं. वापरकर्ता एक, पण त्याची ऊर्जा शेजारशेजारच्या आठेक बीममध्ये विभागलेली दिसते. प्रत्येकात थोडी थोडी. एकच बीम निवडला तर ९-१० डेसिबल गेले, हेच ११ फेब्रुवारीचं नुकसान. इथे दिशेबरोबर अंतराचीही पायरी असलेला बीमसंच लागतो, आणि अंतराच्या त्या पायऱ्या मीटरमध्ये सारख्या न ठेवता १ भागिले अंतरात सारख्या ठेवायच्या. जवळ दाट, लांब विरळ. १९ फेब्रुवारीच्या आलेखांनंतर हे मुलांना सांगावंच लागलं नाही.

दुसरी पद्धत: प्रत्येक अँटेनामागे स्वतःचा रिसीव्हर. फोन एक ओळखीचा सिग्नल पाठवतो, बेस स्टेशन प्रत्येक अँटेनावर आलेली फेज मोजतं आणि उलट दिशेला तीच वापरतं. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणं-घेणं चालतं तिथे हे चालतं, आणि आपल्याकडच्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या ५जीत तशीच आळीपाळी आहे. या पद्धतीला वापरकर्ता जवळ आहे की लांब, हे माहीतच असावं लागत नाही. मोजलेल्या फेजमध्ये वक्रता आपोआप आलेली असते. आमचं स्वतःचं मोजमापसुद्धा याच जातीचं आहे.

म्हणून निअर-फील्ड हा अडथळा आहे का, याचं उत्तर हार्डवेअर पाहिल्याशिवाय देऊ नये.

४ एप्रिल

आज दोन छोटे मुद्दे.

एक: "निअर-फील्डमध्ये एकाच फोनला समोरासमोरही माहितीचे कितीतरी स्वतंत्र प्रवाह पाठवता येतात." प्रवाहांची संख्या दोन्ही बाजूंच्या लांबीवर अवलंबून असते: दोन्ही लांबींचा गुणाकार भागिले तरंगलांबी आणि अंतराचा गुणाकार. १.२ मीटरचा अ‍ॅरे आणि १५ सेंटिमीटरचा फोन, ६ मीटरवर: उत्तर १. दुसरा प्रवाह असेल तो अशक्त. २४ मीटरवर पाव, म्हणजे एकच प्रवाह. ध्रुवीकरणाने, म्हणजे उभ्या आणि आडव्या कंपनाच्या लहरी वेगळ्या वापरून, दुप्पट करता येतं, पण ते फार-फील्डमध्येही येतं. समोरही १.२ मीटरचा अ‍ॅरे असेल तर ६ मीटरवर ८. घरातल्या भिंतीवरचा पडदा किंवा बसचं छत अशा जागी हे शोभेल. खिशातल्या वस्तूला नाही. वापरकर्ते अनेक आणि वेगवेगळ्या अंतरांवर असतील तर फायदा आहे, तो ७ मार्चच्या नोंदीत आला.

दोन: "अँटेना वाढवत जा, मिळणारी ताकद त्याच प्रमाणात वाढत जाते." वाढते, पण अ‍ॅरे अंतराच्या मानाने लहान असेतो. सगळ्या दिशांना सारखं पाठवणाऱ्या उगमासमोर अमर्याद मोठी भिंत उभी केली तरी तिच्या बाजूला निम्मीच ऊर्जा जाते. निम्म्याहून जास्त कधीच मिळणार नाही, आणि टोकाकडच्या अँटेना तिरक्या पडत असल्याने त्याही आधी वाढ मंदावते. आमचा अ‍ॅरे या मर्यादेपासून फार दूर आहे. मोजण्यासारखं इथे काही नव्हतं, गणित करून घेतलं.

११ एप्रिल

शेवटचं मोजमाप, आणि हे सगळ्यात कमी बोललं जाणारं. आतापर्यंत हॉर्न अ‍ॅरेच्या बरोबर समोर होता. आज रेल वळवली, म्हणजे हॉर्न ६० अंश बाजूला आला.

बाजूने पाहिलं तर अ‍ॅरे आखूड दिसतो. ६० अंशांवर १.२ मीटरचा ६० सेंटिमीटर. सूत्रात लांबीचा वर्ग आहे म्हणून अंतर चौथाईवर येतं: ९६ चे २४ मीटर, आणि फोकसची मर्यादा १३.७ ची ३.४ मीटर. समोर ६ मीटरवर १०.५ डेसिबल घालवणारी सपाट बीम इथे त्याच ६ मीटरवर १ डेसिबलच्या आसपासच घालवते. रीडिंगांत हा फरक अगदी उघड आहे. पॅसेजच्या अरुंदपणामुळे भिंतीची परावर्तनं मात्र जास्त आली आणि वेळेवरून छाटूनही सगळी गेली नाहीत.

म्हणजे निअर-फील्डचा प्रदेश गोल नाहीच. समोर लांब, बाजूंना आखडलेला. एकाच खोलीत, अ‍ॅरेपासून सारख्याच अंतरावर बसलेल्या दोघांपैकी एकासाठी वक्रता धरावी लागेल आणि दुसऱ्यासाठी नाही. सादरीकरणांतल्या आकृत्यांमध्ये बेस स्टेशनभोवती अर्धवर्तुळ काढलेलं असतं. आमच्या अहवालात ते अर्धवर्तुळ नसेल. ०, ३०, ४५ आणि ६० अंशांना अर्ध्या डेसिबलची, १ डेसिबलची आणि ३ डेसिबलची अशा तीन वक्ररेषा काढायच्या, तिन्हींवर आकडे लिहायचे. ३० आणि ४५ अंश राहिले आहेत. त्यासाठी पॅसेज सोडून क्रीडा सभागृह मागितलं आहे, परीक्षेच्या आधीची संध्याकाळ मिळाली तर तिथे रेल हलवू. दोरा आणि पत्र्याच्या पॅकिंग मामांकडे ठेवल्या आहेत, रेल हलवली की सरळपणा पुन्हा तपासायचा.